वेषांतर न केलेला हेर

आमच्या लहानपणी हेर ओळखणे फार सोपे होते. तो कोणाच्याच ओळखीचा नसे, म्हणून वाचकाला तो ताबडतोब ओळखू येई. गल्लीतल्या वाचनालयातून भाड्याने आणलेल्या बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांत झुंजार, काळापहाड, धनंजय ही मंडळी भेटत. रहस्यकथा म्हटली की दाढ्या-मिशा आल्या, काळे चष्मे आले, हातातली काठी आली. पानाच्या शेवटी एखादा लंगडा भिकारी दिसला, की आम्ही भावंडे एकमेकांकडे बघून हसायचो. तो भिकारी नाही, हे खलनायक सोडून साऱ्या चाळीला माहीत असे! शिवरायांच्या बहिर्जी नाईकाच्या गोष्टी आजीकडून ऐकल्या, त्यांतही नाईक कधी फकीर व्हायचा, कधी गोंधळी. हेर म्हणजे सोंग, हे समीकरण मनात पक्के झाले होते.

हे समीकरण मोडले ते कॉलेजात असताना. रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी पुस्तक मिळाले. मुखपृष्ठ फाटलेले, पाने पिवळी पडलेली. नाव ‘अ‍ॅशेन्डेन’, लेखक विल्यम सॉमरसेट मॉम. हेरकथा म्हणून मोठ्या हौसेने वाचायला घेतले आणि पहिल्या पन्नास पानांत माझा चक्क विरस झाला. या कथांमधला हेर जीनिव्हाच्या एका चांगल्या हॉटेलात राहतो, नाटक लिहितो, जेवणाच्या वेळी खाली येतो, पत्ते खेळतो. आठवड्यातून दोनदा सकाळी बाजारात जाऊन एका म्हाताऱ्या बाईकडून लोणी घेतो. बस्स! ही बाई सरोवरापलीकडच्या फ्रेंच मुलखातून येते आणि सुट्या पैशांबरोबर एक चिठ्ठी त्याच्या हातात सरकवते, हे वाचल्यावर मी जरा सावरून बसलो. अर्धा शेर लोणी घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे कोण कशाला बघेल? दाढीमिशीपेक्षा हे सोंग कितीतरी पक्के होते. कारण ते सोंगच नव्हते.

पुढे मॉमचे चरित्र वाचत गेलो तेव्हा कळले, की ही कला तो हेरखात्यात शिकलाच नव्हता. ती घेऊनच तो तिथे गेला होता.

त्याचा जन्म 25 जानेवारी 1874 चा, पॅरिसमधला, तोही ब्रिटिश वकिलातीत. फ्रान्सच्या भूमीवर जन्मलेल्या मुलांना फ्रेंच नागरिक ठरवून पुढे लष्करात भरती करण्याच्या कायद्याची त्या वेळी चर्चा होती. वडील वकिलातीचे कायद्याचे काम पाहणारे, म्हणून बाळंतपण वकिलातीच्या इमारतीत झाले. म्हणजे जन्मतःच एका देशात असून दुसऱ्या देशाचा! घरात नोकरमाणसे फ्रेंच, सवंगडी फ्रेंच, त्यामुळे पोराच्या तोंडी पहिली भाषा फ्रेंचच बसली. तो आठ वर्षांचा असताना, 1882 मध्ये आई क्षयाने गेली. दोन वर्षांनी वडीलही गेले. दहा वर्षांच्या त्या पोराला इंग्लंडच्या किनाऱ्यावरील व्हिटस्टेबल गावी काकांकडे पाठवण्यात आले. काका पाद्री, शिस्तीचे, निपुत्रिक. मायेचा ओलावा फारसा नाही. आईचे एक छायाचित्र मात्र या मुलाने जपून ठेवले आणि नव्वदी ओलांडेपर्यंत ते त्याच्या बिछान्याशेजारी होते.

कँटरबरीच्या किंग्ज स्कूलमध्ये त्याला घातले. इंग्रजी मोडके आणि त्यात जीभ अडखळायची. तोतरेपण! वर्गात उभे राहून वाचायची वेळ आली, की मुले हसत. ज्या घरात असे मूल असते त्या घरातल्यांना सांगायला नको, की ते मूल हळूहळू काय शिकते. ते पुढे पुढे करायचे सोडते, भिंतीकडेची जागा पकडते आणि बोलता येत नाही म्हणून ऐकू लागते. इतरांच्या तोंडाकडे, हातांकडे, नजरेकडे बघू लागते. कोण कधी खोटे बोलतो, कोण कशाला घाबरतो, हे त्याला वर्गातल्या हुशार मुलांच्या आधी कळते. मॉमच्या बाबतीत नेमके हेच घडले. आपल्या हेराला त्याने पुढे ‘अ‍ॅशेन्डेन’ हे जे नाव दिले, तेही त्याच शाळेतल्या एका मुलाचे होते.

लपण्याचे आणखी एक कारण त्याच्या आयुष्यात आले. त्याचा ओढा पुरुषांकडे होता आणि त्या काळच्या इंग्लंडात तो कायद्याने गुन्हा होता. 1895 मध्ये ऑस्कर वाइल्डसारख्या लाडक्या नाटककाराला याच गुन्ह्यासाठी सक्तमजुरीची शिक्षा झाली, तेव्हा मॉम एकवीस वर्षांचा होता, लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात डॉक्टरकी शिकत होता. त्या खटल्याने त्याच्या पिढीतल्या कित्येकांनी जो धसका घेतला, तो जन्मभर गेला नाही. तेव्हापासून एक मॉम जगाला दिसणारा आणि एक न दिसणारा, असा संसार सुरू झाला. दिसणारा मॉम होता टापटिपीचा, मोजके बोलणारा, मेजवान्यांना वेळेवर हजर होणारा सभ्य गृहस्थ.

डॉक्टरकीच्या अभ्यासात तो लॅम्बेथच्या गरीब वस्तीत बाळंतपणे करायला जाई. दारिद्र्य, मारझोड, माया, मरण, सारे त्याने उंबरठ्यावरून पाहिले. त्यातून 1897 मध्ये ‘लायझा ऑफ लॅम्बेथ’ ही पहिली कादंबरी आली. डॉक्टरकीची परीक्षा पास होऊनही त्याने व्यवसाय केला नाही. दहा वर्षे हलाखीत काढली आणि मग नशीब असे फळफळले, की 1908 मध्ये लंडनच्या रंगभूमीवर एकाच वेळी त्याची चार नाटके चालू होती! मुखदुर्बळ मुलगा इंग्लंडातला सर्वाधिक पैसे मिळवणाऱ्या नाटककारांपैकी एक झाला. स्वतःला धड बोलता येईना, पण त्याने लिहिलेली वाक्ये नटनट्या रोज संध्याकाळी खणखणीत आवाजात बोलत होत्या.

1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. चाळिशीचा मॉम रेडक्रॉसच्या रुग्णवाहिका पथकातून फ्रान्सच्या आघाडीवर गेला. पुढच्या वर्षी, त्याची सर्वांत गाजलेली कादंबरी ‘ऑफ ह्यूमन बाँडेज’ प्रसिद्ध झाली त्याच 1915 साली, एका मेजवानीतल्या ओळखीतून ब्रिटिश हेरखात्यातले जॉन वॉलिंजर नावाचे अधिकारी त्याला भेटले. मॉमला फ्रेंच मातृभाषेसारखी येत होती, हायडेलबर्गला शिकल्यामुळे जर्मन येत होती. पण वॉलिंजरला खरी भुरळ घातली ती त्याच्या धंद्याने. लेखक कुठेही जाऊ शकतो. तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये निवांतपणे नाटक लिहायला आलेल्या नाटककाराला कोण हटकणार? अनोळखी माणसांशी गप्पा मारणे, त्यांना खोदून प्रश्न विचारणे, रात्री उशिरापर्यंत दिवा लावून लिहीत बसणे, हे सारे संशयास्पद उद्योग लेखकाला माफ असतात!

आणि गंमत म्हणजे जीनिव्हाच्या मुक्कामात मॉमने खरोखरच एक नाटक लिहून पुरे केले. मला वाटते, अज्ञात राहण्याचे पहिले सूत्र इथे आहे. बतावणी करायची तर ती खरी करायची. ‘अ‍ॅशेन्डेन’च्या सुरुवातीच्या एका कथेत स्विस पोलीस नायकाच्या खोलीत येऊन बसलेले असतात. तटस्थ देशात हेरगिरी करणे हा गुन्हा. तो ना चिडतो, ना घाबरतो. कशासाठी आलात, तर नाटक लिहायला. यात खोटे काहीच नाही. खोलीत आक्षेपार्ह कपटाही नाही. बिचारे पोलीस येतात तसे जातात.

दुसरे सूत्र कंटाळ्याचे. अ‍ॅशेन्डेनचे बरेचसे काम कारकुनी आहे. आपल्या हाताखालच्या खबऱ्यांना पगार वाटायचे, त्यांनी आणलेल्या बातम्यांत किती पाणी आहे ते पाहायचे, अहवाल लिहायचा आणि ठरलेल्या दिवशी बोटीने सरोवर ओलांडून पलीकडच्या फ्रेंच गावात तो पोचवायचा. यंत्रातल्या एका दाताला साऱ्या यंत्राचा पत्ता नसतो, तशी त्याची गत आहे. आपण पाठवलेल्या बातमीचे पुढे काय झाले, हे त्याला कळत नाही. काम फत्ते झाले तर कोणी शाबासकी देणार नाही आणि गोत्यात आलास तर कोणी ओळख दाखवणार नाही, असे त्याच्या वरिष्ठाने पहिल्याच भेटीत बजावलेले असते. त्या वरिष्ठाला कथांमध्ये फक्त ‘आर’ असे एक अक्षर आहे. तो वॉलिंजरवरूनच बेतला असे अभ्यासक मानतात.

सोंगे घेणारा एक हेरही या पुस्तकात आहे. अंगावर एक केस नसलेला तो मेक्सिकन टोपांचा शौकीन आहे, नखे रंगवतो, अत्तर लावतो आणि स्वतःच्या पराक्रमांची वर्णने करताना थकत नाही. आमच्या लहानपणी तोच आमचा नायक झाला असता. त्याच्यावर एका ग्रीक दूताकडून कागदपत्रे मिळवण्याची कामगिरी सोपवलेली असते. तो ती मोठ्या झोकात पार पाडतो, माणूस ठार करतो, आणि शेवटी तारेतून कळते की खरा दूत ग्रीसमधून निघालाच नव्हता. मेला तो कोणी भलताच. मॉमने या कथेत कुठलाही उपदेश केलेला नाही. पण नाटकी हेराच्या हातून काय होते, ते वाचकाला आपसूक कळते.

न दिसणाऱ्याच्या हातूनही माणसे मरतातच. ल्यूसर्नच्या हॉटेलात केपॉर नावाचा एक इंग्रज आपल्या जर्मन बायकोसह राहतो. तो पैशासाठी जर्मनांना फितूर झालेला आहे. अ‍ॅशेन्डेन त्याच हॉटेलात उतरतो. केपॉरच्या बायकोकडे जर्मनची शिकवणी लावतो, त्यांच्याबरोबर फिरायला जातो, त्यांच्या कुत्र्याशी खेळतो. नवरा-बायकोंचे एकमेकांवर खरोखर जिवापाड प्रेम आहे, हेही त्याच्या नजरेतून सुटत नाही. आणि तरी तो केपॉरला अलगद इंग्लंडच्या वाटेला लावतो, जिथे मरण त्याची वाट पाहत असते. बायको रोज पत्राची चौकशी करत राहते. एके दिवशी कुत्रा गळा काढून रडू लागतो आणि तिला काय ते उमगते. ही कथा वाचून झाल्यावर त्या शिकवणीचे तास मला फार दिवस छळत होते.

1917 मध्ये मॉमला मोठी कामगिरी मिळाली. रशियात झारची सत्ता जाऊन केरेन्स्कीचे सरकार आले होते. रशियाने युद्धातून अंग काढून घेऊ नये म्हणून त्या सरकारला हात द्यायचा आणि बोल्शेविकांना रोखायचे, एवढे अफाट काम या एका नाटककाराकडे आले! छातीचे दुखणे सुरू असताना तो अमेरिकेहून जपानमार्गे पेट्रोग्राडला पोचला. सांकेतिक नाव ‘सॉमरव्हिल’. क्रांतिकारक क्रोपोत्किनची मुलगी साशा ही त्याची जुनी मैत्रीण तिथे दुभाषी झाली. उंची खाणावळीत केरेन्स्कीला जेवण देत तो ऐकत राहिला. ऑक्टोबरात केरेन्स्कीने त्याच्यामार्फत ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना मदतीचा तातडीचा निरोप धाडला. लंडनला पंतप्रधानांसमोर उभे राहिल्यावर मात्र तो शाळकरी मुलगा पुन्हा जागा झाला. ऐन वेळी जीभ अडखळेल या भीतीने मॉमने निरोप आधीच कागदावर लिहून आणला होता. तो त्याने पंतप्रधानांच्या हाती दिला. त्यांनी वाचला आणि असमर्थता दर्शवली. थोड्याच दिवसांत, 7 नोव्हेंबर 1917 ला बोल्शेविकांनी सत्ता घेतली. मॉमची रवानगी झाली स्कॉटलंडमधल्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात.

या अनुभवांवरचे ‘अ‍ॅशेन्डेन’ 1928 मध्ये प्रसिद्ध झाले. आल्फ्रेड हिचकॉकने 1936 मध्ये त्यावर ‘सीक्रेट एजंट’ हा चित्रपट काढला. पुढे इंग्रजीत हेरकथांचे जे गंभीर दालन उघडले त्याचा उंबरठा हे पुस्तक समजले जाते.

इथवर मी मॉमच्या बाजूने उभा होतो. अ‍ॅशेन्डेनच्या खिडकीतून बघत होतो आणि त्याच्या शांतपणाला मनातल्या मनात दाद देत होतो. मग तिसऱ्यांदा पुस्तक वाचताना जूलिया लाझारीच्या कथेपाशी थबकलो. आधी दोनदा मी ती वाचली होती, पण नुसतीच कथा म्हणून.

चंद्रलाल नावाचा एक हिंदी क्रांतिकारक बर्लिनमध्ये बसून इंग्रजांविरुद्ध कारवाया करतो आहे. तो जूलिया या नर्तकीच्या प्रेमात आहे. इंग्रज तिला पकडतात, तुरुंगाची भीती घालतात आणि तिच्याकडून त्याला प्रेमपत्रे लिहून घेतात. तो स्विस हद्दीत लोझानला येतो. ती सरोवराच्या या बाजूला, फ्रेंच हद्दीतल्या थोनाँला. मध्ये फक्त पाणी. हे पाणी त्याने ओलांडावे म्हणून अ‍ॅशेन्डेन तिच्या उशाशी बसून पत्रांचा मजकूर ठरवतो. चंद्रलालबद्दल त्याला आदर वाटतो. एकटा माणूस एवढ्या मोठ्या साम्राज्याशी झुंजतो आहे, याची जाणीव तो वरिष्ठाला बोलूनही दाखवतो. पण काम थांबवत नाही. शेवटी चंद्रलाल प्रेमापोटी बोटीत बसतो, पकडला जातो आणि विष घेऊन प्राण देतो.

हे सारे निव्वळ कल्पनेतले नव्हते. 1 जुलै 1909 रोजी मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर युरोपातल्या हिंदी क्रांतिकारकांवर नजर ठेवण्यासाठी लंडनमध्ये जे खास हेरखाते उभे राहिले, त्याचा प्रमुख होता हाच वॉलिंजर. हिंदुस्थानच्या पोलीस खात्यात, आपल्या मुंबई इलाख्यात मुरलेला अधिकारी! ज्या इंडिया हाउसमध्ये तात्याराव सावरकर राहिले, तिथल्याच वर्तुळात वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय होते. सरोजिनी नायडूंचे हे बंधू. मार्च 1910 मध्ये सावरकरांना लंडनला अटक झाली. वीरेंद्रनाथ त्याच वर्षी पॅरिसला निसटले आणि महायुद्धात बर्लिनमधल्या हिंदी क्रांतिकारकांच्या समितीचे एक प्रमुख झाले. चंद्रलालचे मूळ त्यांच्यात शोधले जाते. 1915 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांना जाळ्यात ओढण्याचा ब्रिटिश हेरांनी खरोखरच प्रयत्न केला होता. तो फसला.

हे कळल्यावर माझी खुर्ची सरोवराच्या दुसऱ्या काठावर गेली. इतके दिवस ज्याला मी दाद देत होतो तो सभ्य, कंटाळलेला, लोणी विकत घेणारा गृहस्थ आपल्याच माणसासाठी जाळे विणत होता. आणि त्या पलीकडच्या माणसाला तो दिसत नव्हता, हेच तर त्याचे यश! माझा थोडा संताप झाला, हे कबूल करतो. एवढे बारकाईने पाहणारा, प्रेम ओळखणारा, शौर्य ओळखणारा माणूस शेवटी पत्राचा मजकूर सांगतोच कसा?

पुष्कळ दिवसांनी वाटले, की हा प्रश्न मॉमने स्वतःच आपल्यापुढे ठेवला आहे. त्याला चंद्रलाल भित्रा रंगवता आला असता, कावेबाज रंगवता आला असता. साम्राज्याचा सूर्य माथ्यावर असतानाच्या काळात इंग्रज वाचकांना ते आवडलेही असते. त्याने तसे केले नाही. उलट आपल्याच हेराच्या शांतपणाकडे त्याने त्याच कोरड्या नजरेने पाहिले. लक्षात न येण्याची किंमत काय, तर कुणाच्याच बाजूने पुढे न होणे. भिंतीकडेला उभे राहून सारे पाहायचे, सारे समजायचे आणि हात मात्र हुकमाप्रमाणे चालवायचे. शाळेतले हसू चुकवण्यासाठी शिकलेली कला अशी दुसऱ्याच्या गळ्याशी येते.

ती त्याच्याही गळ्याशी आली. 1917 मध्ये केलेले लग्न बारा वर्षांत मोडले. 1938 मध्ये तो हिंदुस्थानात आला, तिरुवण्णामलैला रमण महर्षींच्या दर्शनाला गेला आणि तिथे त्याला घेरी आली. त्या प्रवासातून पुढे 1944 मध्ये ‘द रेझर्स एज’ ही कादंबरी झाली. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या प्रशस्त बंगल्यात त्याचा दरबार भरे. तरी म्हातारपणी त्याने आपले खासगी कागद जाळले आणि मित्रांनाही पत्रे नष्ट करायला सांगितली. 16 डिसेंबर 1965 रोजी एक्याण्णवाव्या वर्षी तो नीस येथे वारला. ज्या कायद्याच्या भीतीने तो जन्मभर लपला, तो इंग्लंडात 1967 मध्ये शिथिल झाला. अवघ्या दोन वर्षांनी चुकामूक!

वीरेंद्रनाथांना इंग्रज पकडू शकले नाहीत. पण पुढे रशियात आश्रयाला असताना स्टालिनच्या राजवटीत त्यांना अटक झाली आणि 2 सप्टेंबर 1937 रोजी देहदंड देण्यात आला. ज्या देशाला कथेतला हेर वाचवू शकला नाही, त्याच देशाने कथेतल्या क्रांतिकारकाला गिळले.

घरातल्या मुलांना मी आता हेराच्या गोष्टी सांगतो, तेव्हा दाढीमिशीचीही सांगतो आणि लोण्याचीही सांगतो. लोण्याची त्यांना जास्त आवडते. जूलियाच्या गोष्टीचा शेवट मात्र अजून सांगितलेला नाही. चंद्रलाल मेल्यावर ती अ‍ॅशेन्डेनला एकच गोष्ट विचारते. मागच्या नाताळात तिने त्याला दिलेले बारा पौंडांचे मनगटी घड्याळ तिला परत मिळेल का? कथा तिथेच संपते. मुलांनी विचारले, की यात वाईट कोण, तर काय उत्तर द्यायचे, ते अजून माझे ठरलेले नाही.